पंपाची सवय लागते का? दम्याविषयी वाचकांची पत्रं

पाऊस ओसरायला लागला की या सदरात येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. जूनमध्ये साप-विंचू, जुलैत हगवण आणि आता शिंका, धाप, छातीतली घरघर. सोयाबीन काढणी तोंडावर आली आहे, मागोमाग कापूस घरात येईल. म्हणून हा महिना दम्याला आणि ॲलर्जीला दिला. पत्रं थोडी आटोपती केली आहेत. नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. दोन पावसाळ्यांपासून रात्री खोकतो, पहाटे छाती वाजते. यवतमाळच्या डॉक्टरांनी दमा सांगितला आणि दोन पंप दिले. बरं वाटलं की आम्ही पंप बंद करतो. सासूबाई म्हणतात, पंपाची एकदा सवय लागली की जन्मभर सुटत नाही, त्यापेक्षा गोळी बरी. पंपात स्टेरॉइड असतं असंही ऐकलं. काय करावं?
– एक आई, तालुका कळंब

ताई, हा प्रश्न माझ्या दवाखान्यात रोज येतो. तुमच्या सासूबाई नातवाच्या काळजीपोटीच बोलताहेत, त्यांना रागावू नका. हे उत्तर त्यांनाही वाचून दाखवा.

आधी दमा काय आहे ते समजून घ्या. पूर्वी डॉक्टरही मानत की दमा म्हणजे श्वासनळ्या आवळल्या जाणं. त्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल हे औषध 1969 पासून पंपात मिळू लागलं आणि लोकांना काही मिनिटांत आराम पडू लागला. पुढे 1980च्या दशकात दम्याच्या रुग्णांच्या श्वासनळ्यांच्या अस्तराचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. ज्यांचा दमा अगदी सौम्य होता, त्यांच्याही अस्तराला सूज होती. म्हणजे नळी आवळते ती नंतर, मुळात ती आतून सुजलेली असते. मूल हसत-खेळत असतं तेव्हाही सूज असू शकते. तुमच्या मुलाला दिलेल्या दोन पंपांतला एक आवळलेली नळी सोडवतो आणि दुसरा सूज उतरवतो. बरं वाटलं की तुम्ही बंद करता तो नेमका दुसरा.

फक्त आराम देणाऱ्या पंपावर भिस्त ठेवली की काय होतं, याची किंमत जगाने मोजलेली आहे. न्यूझीलंडमध्ये 1970च्या दशकाच्या शेवटी दम्याने मरणाऱ्यांचं प्रमाण एकाएकी वाढलं. फेनोटेरॉल नावाच्या जोरकस पंपाशी त्याचा संबंध आहे, हे तिथल्याच संशोधकांनी 1989 मध्ये दाखवलं. त्या औषधाचा वापर आटोक्यात आणल्यावर मृत्यू उतरले. उलट बाजूचा पुरावा कॅनडातला आहे. सास्काचेवान प्रांतातल्या रुग्णांच्या नोंदी तपासून 2000 साली निष्कर्ष आला: मागच्या वर्षात स्टेरॉइडचा एकेक पंप जास्त वापरला गेला, तसा दम्याने मरण्याचा धोका 21 टक्क्यांनी कमी होत गेला. 2019 पासून दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात 12 वर्षांवरच्या कोणालाही नुसत्या आरामाच्या पंपावर ठेवू नका असंच सांगितलं आहे. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण 13 टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून जास्त आपल्याकडे होतात. औषध देशात बनतं, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि तरी माणसं जातात. यामागे सूज उतरवणारा पंप न घेणं हे मोठं कारण आहे. मला हे सहन होत नाही, म्हणून एवढं लिहिते आहे.

आता सवय. पंप बंद केल्यावर त्रास परत येतो, कारण सूज परत येते. दारू-तंबाखूसारखं शरीर काही मागत नाही. आणि स्टेरॉइडचं म्हणाल तर हिशेब असा आहे: दम उसळल्यावर पोराला जी गोळी देतात तिची मात्रा मिलिग्राममध्ये असते आणि ती रक्तातून अंगभर फिरते. पंपाची मात्रा मायक्रोग्राममध्ये असते, म्हणजे मिलिग्रामच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात, आणि ती थेट श्वासनळीत जाते. पायाला लागलं तर मलम पायालाच लावतो, तसंच हे. त्यामुळे ‘पंपापेक्षा गोळी बरी’ हे साफ उलटं आहे. पंपाचा परिणाम शून्य आहे असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत मुलांना बुडेसोनाइडचा पंप काही वर्षं देऊन ती मोठी होईपर्यंत त्यांची उंची मोजली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पंप घेतलेल्यांची उंची सरासरी 1.2 सेंटिमीटर कमी भरली. हे तुम्हाला माहीत असावं. दुसऱ्या बाजूला रात्री झोप नाही, शाळा बुडते, वरचेवर गोळ्या आणि सुया, आणि कधीतरी एखादा झटका हाताबाहेर जाण्याची भीती. माझं स्वतःचं लेकरू असतं तर मी पंपच दिला असता. मात्रा कमी करायची की थांबवायची ते तीनेक महिने त्रास नसताना डॉक्टरांनी ठरवावं, घरच्यांनी नाही.

पंप द्यायची पद्धत पत्रात नाही, आणि निम्मं अपयश तिथेच असतं. नऊ वर्षांच्या मुलाने पंप थेट तोंडात धरून दाबला तर बरंचसं औषध घशाला चिकटतं. मध्ये स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, हवाच. तो महाग वाटला किंवा गावात मिळाला नाही तर दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांची युक्ती वापरा. केपटाऊनच्या बालरुग्णालयात पाण्याची अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली स्पेसर म्हणून वापरून पाहिली. ती विकतच्या स्पेसरइतकीच चालली. हे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. बाटली धुऊन कोरडी करा. तार तापवून बुडाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचं भोक पाडा, पंप घट्ट बसला पाहिजे, फट राहिली तर चिकटपट्टी गुंडाळा. मुलाने बाटलीचं तोंड ओठांत धरायचं, तुम्ही पंप हलवून एकदा दाबायचा, त्याने सावकाश पाच-सहा श्वास घ्यायचे. दुसरा दाब हवा असेल तर हे सगळं पुन्हा. सुजेच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंड येतं. पंप रंगावरून ओळखू नका, कंपनीगणिक रंग बदलतो. नाव वाचा.

मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, श्वासाबरोबर बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ काळे-निळे दिसत असतील, तर 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत साल्ब्युटामॉलचे 4 ते 6 दाब बाटलीतून, एका वेळी एक, देत राहा. 20 मिनिटांनी पुन्हा द्या. सकाळ होण्याची वाट पाहू नका.

डॉक्टर बाई, माह्ये मालक सोयाबीन काढाच्या दिवसात हडंब्यावर (मळणीयंत्रावर) जाते. संध्याकाई घरी आले का शिंका, डोये लाल, अन् रातभर छाती वाजते. दिवाई झाली का आपोआप बरे होते. मजुरी त सोडता येत नाई. घरातलं सोयाबीनचं तेल बंद करू का?
– एक वाचक बहीण, तालुका घाटंजी

बहिणी, तेल बंद करायची गरज नाही. पण तुम्ही जे पाहिलंत ते अगदी बरोबर पाहिलंत, आणि हेच कोडं स्पेनमधल्या बार्सिलोना शहराला काही वर्षं छळत होतं.

तिथे 1981 ते 1987 या काळात दम्याचे 26 उद्रेक झाले. एखाद्या दिवशी अचानक दवाखान्यांत धापा टाकणाऱ्यांची रांग लागायची आणि दुसऱ्या दिवशी सगळं शांत. आधी हवेतल्या धुरावर संशय गेला. मग होसेप आन्तो, जोर्डी सुन्येर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदरातल्या जहाजांच्या नोंदी काढल्या. ज्या दिवशी जहाजातून सोयाबीन उतरवलं जायचं त्याच दिवशी उद्रेक! एका कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती आणि सोयाबीनची भुकटी वाऱ्याबरोबर वस्तीत जायची. 1989 मध्ये हे संशोधन छापून आलं. गाळण्या बसवल्या आणि उद्रेक थांबले. ॲलर्जी आणणारी प्रथिनं दाण्याच्या सालीत, टरफलात सापडली. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरतच नाही, म्हणून तेल खाऊन हा त्रास होत नाही. हडंब्याच्या तोंडाशी मात्र तीच साल पीठ होऊन उडत असते. बार्सिलोनाचे लोक बंदरापासून दूर राहून आजारी पडले, तुमचे मालक तर त्या धुळीत दिवसभर उभे असतात.

शरीर असं का वागतं, याचं उत्तर 1966-67 मध्ये हाती आलं. अमेरिकेत काम करणारं इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधले संशोधक, दोघांनी वेगवेगळ्या वाटेने रक्तातला ‘आयजीई’ नावाचा पदार्थ शोधला. काहींच्या शरीरात एखाद्या निरुपद्रवी धुळीविरुद्ध हा आयजीई तयार होतो आणि नाकातल्या, डोळ्यांतल्या, श्वासनळीतल्या ठरावीक पेशींवर जाऊन बसतो. पुढच्या हंगामात तीच धूळ आली की त्या पेशी खवळतात आणि हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात. शिंका, पाणी, खाज, घरघर त्यातूनच. म्हणून पहिल्या हंगामात काही होत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या हंगामात एकदम सुरू होतं. ‘इतकी वर्षं काही झालं नाही, आताच कसं’ असं माणसं विचारतात, त्याचं कारण हे.

मजुरी सोडा असं मी सांगणार नाही, सांगून उपयोगही नाही. काम मात्र वेगळं मागता येईल. गंजीवरून पेंड्या ओढून देणारा आणि दाणे भरणारा यांच्यापेक्षा कुटार (भुसा) पडतं तिथे उभा असलेला जास्त धूळ खातो. वारा पाठीकडून येईल असं उभं राहावं आणि कुटाराची जागा दुसऱ्याला द्यावी. दुपट्टा तोंडाला बांधतात त्याने मोठा कचरा अडतो, बारीक भुकटी नाही. एन-95 मास्क घ्या, नाकाजवळ फट राहू देऊ नका. घरी आल्यावर अंगणातच कपडे उतरवून आंघोळ, त्याच कपड्यांनी खाटेवर बसणं नको. काढणी सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी ग्रामीण रुग्णालयात जाऊन नाकाचा फवारा आणि सूज उतरवणारा पंप सुरू करून घ्यावा, हंगाम संपेपर्यंत चालू ठेवावा. दिवाळीनंतर बंद होईल की नाही ते तेव्हा पाहू.

परतीच्या पावसात गंजी भिजली असेल तर आणखी जपा. आत काळी-पांढरी बुरशी धरते. अशा दिवशी काम करून चार-आठ तासांनी हुडहुडी भरून ताप, कोरडा खोकला आणि दम लागला, आणि हे पुन्हा पुन्हा होत असेल, तर तो दमा नसून फुप्फुसाच्या आतल्या भागाची वेगळी ॲलर्जी असू शकते. ती मलेरिया समजून सोडली जाते. त्यात पंपाने भागत नाही, बुरशीपासून दूर राहावंच लागतं. डॉक्टरांना ‘भिजलेल्या सोयाबीनवर काम केलं’ हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

आमच्या लहानपणी शेणामातीत लोळणारी पोरं, दमा कोणाला माहीत नव्हता. माझा नातू पुण्यात स्वच्छ फ्लॅटमध्ये वाढला आणि त्याला दमा. शेण अंगाला लागलं पाहिजे असं मी म्हणतो, सून हसते. विज्ञान काय म्हणतं?
– एक निवृत्त शिक्षक, तालुका दारव्हा

गुरुजी, अर्धं माप तुमच्या पदरात. 1989 मध्ये डेव्हिड स्ट्रॅकन या ब्रिटिश संशोधकाने दाखवलं की ज्या घरात भावंडं जास्त, तिथे परागज्वर कमी. त्यातून लहानपणीच्या जंतुसंसर्गाचा विचार पुढे आला. मग म्युनिकच्या एरिका फॉन म्युटियस आणि इतरांनी युरोपातल्या गोठ्यांजवळ वाढणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. सगळ्यात बोलका अभ्यास 2016चा, अमेरिकेतल्या आमिश आणि हटेराइट या दोन पंथांचा. दोघांचे पूर्वज युरोपातल्या एकाच भागातले, खाणंपिणं सारखं. आमिश घोड्यांनी शेती करतात आणि गोठा घराला लागून असतो. हटेराइट मोठी यांत्रिक शेती करतात आणि जनावरं वस्तीपासून दूर असतात. आमिश शाळकरी मुलांत दमा 5.2 टक्के, हटेराइट मुलांत 21.3 टक्के. आमिश घरांतली धूळ उंदरांच्या नाकात घातली तर उंदरांचाही दमा टळला. जनावरांच्या सहवासातले जंतू बाळाच्या प्रतिकारशक्तीला लवकर वळण लावतात, असा त्याचा अर्थ लावतात.

पण दोन गोष्टी सुनेच्या बाजूने. हे संरक्षण गर्भारपणात आणि पहिल्या एक-दोन वर्षांत मिळतं. दमा झालेल्या मुलाला सुटीत आणून गोठ्यात सोडलं तर उलट त्रास होईल. आणि तेच शेण गोवरी होऊन चुलीत गेलं की औषध राहत नाही, विष होतं. पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या यांच्या धुरात आयुष्य काढलेल्या, कधी विडीला हात न लावलेल्या कितीतरी बाया मी फुप्फुसं आकसलेल्या, जिना चढता न येणाऱ्या पाहते. त्या काळी दमा नव्हता असंही मला वाटत नाही. ‘म्हातारी खोकते’ एवढंच नाव होतं त्याला. नातू गावी येईल तेव्हा तो असलेल्या खोलीत चूल पेटू देऊ नका, ही विनंती.

आमच्याकडे कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध देतात. शेजारचे मृगाला हैदराबादला माशातलं औषध घ्यायला जातात. घ्यावं का?
– तालुका आर्वी, जिल्हा वर्धा

श्रद्धेने जाणाऱ्याला मी अडवत नाही. या औषधांनी दमा जातो असं दाखवणारी नीट चाचणी झालेली नाही. दमा स्वभावानेच कमी-जास्त होतो, म्हणून थंडी सरल्यावर बरं वाटलं की श्रेय औषधाला जातं. झाडपाल्यात दम नाही असंही नाही: कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन अडुळशातल्या घटकावरून तयार केलं गेलं. बांधावरच्या धोतऱ्यातल्या ॲट्रोपिनच्या कुळातली औषधं आज पंपातून देतात. फरक मात्रेचा आहे. धोतरा घरी ओढून माणूस भ्रमिष्ट होतो, प्रसंगी दगावतो. खीर खा, पण त्या रात्रीही पंप घ्या आणि उघड्यावर थंडीत जागरण टाळा. नाव नसलेल्या पुड्या मात्र अजिबात नको. ज्या पुडीने दोन दिवसांत जादूसारखं बरं वाटतं आणि महिन्यात तोंड सुजतं, तिच्यात स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता असते. अशी पुडी कोणी बरेच दिवस घेत असेल तर ती एकदम बंद करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे या.

जिनिंगमध्ये रेच्यावर (कापसातून सरकी काढायच्या यंत्रावर) काम करतो. सुटीनंतर पहिल्या दिवशी दुपारपासून छाती आवळते, पुढे आठवडाभर कमी होत जाते. ॲलर्जीची रक्ततपासणी केली, पैसे गेले, काही निघालं नाही. ठेकेदार म्हणतो, तुला विडीचा दमा आहे.
– एक कामगार, हिंगणघाट

भाऊ, ‘सुटीनंतर पहिल्या दिवशी’ हे तुम्ही लिहिलंत, त्यातच निदानाची वाट आहे. विडीचा दमा वार पाहत नाही. हा बिसिनोसिस असू शकतो, कापसाच्या धुळीचा आजार. इंग्लंडमध्ये लँकेशरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी 1950च्या दशकात हाच नमुना पाहून त्याच्या पायऱ्या ठरवल्या. आधी फक्त सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी, मग आठवड्याचे बरेच दिवस, शेवटी कायमची धाप. तुमचा आजार पहिल्या पायरीवर दिसतो, म्हणजे अजून वेळ आहे.

रक्तात काही निघालं नाही, कारण हा आयजीईचा आजार नाही. बोंडाबरोबर वाळलेला पाला-कचरा येतो, त्यावरच्या जीवाणूंचं एंडोटॉक्सिन नावाचं विष धुळीतून छातीत जाऊन सूज आणतं. कापूस जितका कचऱ्याचा, तितका त्रास जास्त. ती महागडी ॲलर्जीची तपासणी पुन्हा करू नका.

करायचं असं. पीक फ्लो मीटर नावाची फुंकायची साधी नळी औषधाच्या दुकानातून किंवा डॉक्टरांकडून मिळवा. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी कामावर जायच्या आधी आणि सुटल्यावर तीन-तीनदा फुंका, त्यातला मोठा आकडा वहीत लिहा. तसंच आठवडाभर. कामानंतर आकडा खाली जातो हे कागदावर दिसलं की डॉक्टरांचं काम सोपं होतं. मग सरकारी मेडिकल कॉलेजात छातीची पूर्ण तपासणी करून घ्या. विडी सोडा. ठेकेदार म्हणतो म्हणून नव्हे, कापसाची धूळ आणि विडी मिळून फुप्फुस आणखी वेगाने झिजवतात म्हणून. रेच्यावरून गठाणीच्या किंवा बाहेरच्या कामावर बदली मागा.

आणि हक्काचं. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 च्या तिसऱ्या अनुसूचीत कापसाच्या धुळीने होणारा हा आजार व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला होता. 2025 मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली आणि तिच्या तिसऱ्या अनुसूचीतही तो आहे. कारखान्यांच्या जुन्या कायद्यातही तो सरकारला कळवायच्या आजारांत होता. भरपाईसाठी ठरावीक काळ त्या कामावर असल्याचा पुरावा लागतो आणि ठेक्यावरच्या माणसाचं घोडं तिथेच अडतं. तेव्हा हजेरीच्या पावत्या, पगाराच्या नोंदी, जुन्या हंगामांतल्या सोबत्यांची नावं आजपासून जमवा. तुमच्या पगारातून राज्य विमा कापला जात असेल तर दावा तिकडे करायचा असतो, आधी ते कार्ड आहे का ते पाहा. तपासणीचे कागद हाती आले की झेरॉक्स मला या पत्त्यावर पाठवा. निदानाचं पत्र कसं लिहून घ्यायचं ते मी तुमच्या डॉक्टरांशी बोलेन.